निधी किती आला हे विचारता, तो कधी आला हेही विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरले की वर्तमानपत्रांत कोटींचे आकडे येऊ लागतात. शाळांच्या दुरुस्तीला इतके, रुग्णालयांच्या बळकटीकरणाला इतके. हे आकडे खोटे नसतात. पुरवणी मागण्या खरोखर मंजूर होतात, शासन निर्णयही निघतात. पण मंजुरीनंतर तो पैसा शाळेच्या नळापर्यंत आणि दवाखान्याच्या औषध खिडकीपर्यंत कसा पोहोचतो, हे फारसे कुणी लिहीत नाही. माझी सारी नोकरी नागपूर जिल्ह्यात लेखा विभागात गेली. आधी पंचायत समितीत शिक्षणाची देयके पाहिली, नंतर आरोग्याची. त्या टेबलावर बसून जे दिसले त्याबद्दल हे पत्र आहे, आणि त्यात माझे म्हणणे एकच आहे. आपण सगळे निधी किती आला यावर भांडतो. तो कोणत्या तारखेला हातात पडला हे विचारत नाही. शाळांची आणि दवाखान्यांची निम्मी दुरवस्था त्या तारखेत दडलेली आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पैसा कमी आहे, हे मला मान्यच आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा लिहिले. आरोग्यावर २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करू असे २०१७ च्या आरोग्य धोरणात म्हटले होते. ती लढाई लढायलाच हवी आणि लढणारे लोक आहेत. मला त्या पुढचे सांगायचे आहे.

वर्षाचे चक्र कसे फिरते पाहा. मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्प मंजूर होतो. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होते, पण तरतूद बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, टप्प्याटप्प्याने येते. विभागाकडून संचालनालयाकडे, तिथून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून तालुक्याकडे. प्रत्येक ठिकाणी एक फाईल, एक टिपणी, एक सही. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, हिवाळीत पुन्हा येतात. मध्ये निवडणूक लागली तर आचारसंहिता. २०२४ मध्ये तर एकाच आर्थिक वर्षात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता येऊन गेल्या. डिसेंबरात मंजूर झालेला पैसा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत खाली उतरतो. तोवर मार्च एंड दारात उभा असतो. "३१ तारखेच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करा, अन्यथा निधी व्यपगत झाल्यास जबाबदारी आपली राहील." व्यपगत म्हणजे मुदत संपल्याने परत गेलेला. हे वाक्य मी इतक्या पत्रांत टाईप केले आहे की ते मला झोपेतही म्हणता येईल.

आता हे चक्र आपल्या विदर्भाच्या ऋतूंवर ठेवून पाहा. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. पावसाची पहिली झड त्याच सुमारास येते. छताची दुरुस्ती, कवेलू फेरणे, भिंतीची भेग बुजवणे, संडासाचा खड्डा उपसणे, हे सारे एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवे. नेमक्या याच अडीच महिन्यांत शाळेच्या हातात एक रुपया नसतो. जुने वर्ष बंद झालेले असते, नवे उघडलेले नसते. दवाखान्याचेही तसेच. उष्माघाताच्या रुग्णांसाठी शीत कक्ष उघडायचा तो एप्रिलमध्ये. कुलरच्या खसच्या ताट्या बदलायच्या, पाण्याची मोटर दुरुस्त करायची, तीही एप्रिलमध्ये. पैसा येतो थंडीत.

मार्चमध्ये आलेल्या पैशाने काय घेता येते, हे मी देयकांवरून सांगते. दहा-पंधरा दिवसांत कोटेशन, पुरवठा आदेश, पावती आणि साठा नोंदवहीत नोंद होऊ शकेल असेच घेता येते. म्हणजे कपाट, खुर्च्या, प्रिंटर, रंग, फलक, भांडी. मार्चमध्ये नळाची वर्षभराची दुरुस्ती विकत घेता येत नाही. ऑगस्टमध्ये खराब होणारा पंप मार्चमध्ये दुरुस्त करता येत नाही. वर्षभर लागणारे फिनाईल एकदम घेऊन ठेवले तर लेखापरीक्षक विचारतो, इतका साठा कशासाठी? म्हणून वस्तू येतात आणि देखभाल राहून जाते. एखाद्या शाळेत तुम्हाला तीन नवी कपाटे आणि एक बंद संडास दिसला, तर गुरुजींना दोष देण्याआधी कपाटाच्या पावतीवरची तारीख पाहा. मार्चचा दुसरा किंवा तिसरा आठवडा असेल.

समग्र शिक्षा योजनेत शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, त्यापुढे शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. साठ मुलांची शाळा घ्या, आपल्या ग्रामीण भागात अशा पुष्कळ आहेत. तिला वर्षाला २५ हजार. त्यातून वीजबिल, पाणीपट्टी, खडू, रजिस्टरे, इंटरनेट, बंद पडलेल्या वस्तूंची दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य. स्वच्छतेचे अडीच हजार दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला अडीचशे रुपये. अडीचशेत फिनाईल, हातधुण्याचा साबण, एक झाडू आणि संडास धुणाऱ्या बाईला द्यायचे पैसे. कुणी म्हणेल, इतक्या कमी पैशाचा हिशेब तो काय ठेवायचा? मी म्हणते, इतका कमी आहे म्हणूनच तो जूनमध्ये मिळाला पाहिजे. महिन्याला अडीचशे रुपये जूनपासून मिळाले तर संडास वर्षभर उघडा राहतो. तेच अडीच हजार एकदम फेब्रुवारीत मिळाले तर आठ महिने संडासाला कुलूप असते, आणि सहावी-सातवीतल्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत. हे मी तपासणीला गेलेल्या शाळांतून पाहिलेले आहे. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे दुपारचीही हजेरी लागलेली असते.

२०२१ पासून पैसे थेट शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. वरती एक मुख्य खाते, खाली शाळेचे शून्य शिल्लक खाते, आणि पीएफएमएस या सरकारी देयक प्रणालीवर खर्चाची लिमिट दिसते. मुख्याध्यापक पीपीए, म्हणजे बँकेला द्यायचा पैसे देण्याचा आदेश, काढतात, बँक पैसे पुरवठादाराच्या खात्यात टाकते. पद्धत मुळात चांगली आहे. पूर्वी लाखो शाळांच्या खात्यांत पैसे नुसते पडून राहत, व्याजाचा हिशेब कुणालाच लागत नसे. पण ३१ मार्चला लिमिट शून्य होते, ती उशिरा आली होती की लवकर हे न पाहता. आणि गावातला नळ दुरुस्त करणारा माणूस हा पीएफएमएसवरचा व्हेंडर नसतो. त्याला नोंदवायचे, त्याचे खाते पडताळायचे, पावती घ्यायची. दीडशे रुपयांच्या वॉशरसाठी एवढे कोण करणार? गुरुजी खिशातून देतात किंवा नळ गळत राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतले किती शिक्षक स्वतःच्या पगारातून शाळा चालवतात, याची नोंद सरकारच्या कोणत्याही वहीत नाही.

पोषण आहाराचा प्रश्न तर याहून रोजचा. तांदूळ मिळतो. पण भाजीपाला आणि इंधन रोज लागते आणि त्याचे पैसे रोज येत नाहीत. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १०.१७ रुपये असा आहार खर्चाचा दर आहे, तांदूळ त्याशिवाय. या दरात किती भाजी बसते हे गृहिणींनी ठरवावे. मला उधारीबद्दल बोलायचे आहे. अनुदान दोन-तीन महिने थकले की मुख्याध्यापक गावातल्या किराणा दुकानात उधारी करतात. दुकानदार पहिला महिना देतो, दुसरा देतो, तिसऱ्या महिन्यात तेल मोजून देतो. स्वयंपाकी बाईला राज्यात महिन्याला अडीच हजार मानधन आहे, आणि तेही थकते. तिला मी एकदा विचारले होते, "ताई, परवडतं कसं?" ती म्हणाली, "परवडत नाही, पण पोरगं याच शाळेत जेवते न माझं." ती चूल पेटवत राहते म्हणून योजना चालते.

आता दवाखान्याकडे येते. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समितीमार्फत वापरायला निकषाप्रमाणे वर्षाला पावणेदोन लाख रुपये मिळतात. रुग्ण कल्याण समितीचे एक लाख, देखभालीचे पन्नास हजार आणि अबंधित निधीचे पंचवीस हजार, असे तीन तुकडे पूर्वी वेगवेगळे येत, ते एकत्र केले. एका केंद्राखाली साधारण तीस हजार लोकसंख्या धरतात. डोक्यामागे वर्षाला सहा रुपयेही होत नाहीत. तरीही मी सांगते, हा पैसा फार मोलाचा आहे, कारण तो कोणत्याही एका लेखाशीर्षाला, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या एका सदराला, बांधलेला नाही. प्रसूतिगृहातला दिवा गेला, इन्व्हर्टरची बॅटरी बसली, विंचू चावलेल्या बाईला नागपूरला न्यायला गाडी नाही, अशा वेळी डॉक्टर याच पैशातून निर्णय घेऊ शकतात. तो जूनमध्ये हाती असला तर पावसाळ्याच्या आधी साप-विंचवाची, अतिसाराची, डेंग्यूची तयारी होते. डिसेंबरात आला तर बाकांना रंग होतो.

बाकीचा सारा पैसा लेखाशीर्षांत बांधलेला. एक उदाहरण देते. एका आरोग्य संस्थेने रक्ततपासणीचे अॅनालायझर यंत्र घेतले. फाईल माझ्याच टेबलावरून गेली. यंत्राचा खर्च '५२ यंत्रसामग्री' या उद्दिष्टाखाली, तरतूद भरपूर, मार्चमध्ये देयक मंजूर. यंत्र आले, फोटो निघाला. यंत्राला तपासणीसाठी लागणारी रसायने, म्हणजे रिएजंट, मात्र '२१ पुरवठा व सामग्री' खाली येतात, आणि त्या शीर्षाखाली पैसे संपलेले होते. यंत्र प्लास्टिकच्या आवरणात तसेच राहिले. पुढच्या वर्षी रिएजंटला तरतूद मिळाली तेव्हा यंत्राचा हमी कालावधी संपत आला होता आणि देखभाल करारासाठी वेगळे पैसे मागावे लागले. मधल्या काळात गावातले लोक साखर आणि कावीळ तपासायला खासगी लॅबमध्ये जात होते. कुणी चोरी केली नाही. प्रत्येक सही नियमात होती. माझीसुद्धा. अशा खरेदीबद्दल चौकशी कधी लागत नाही, कारण कागद पूर्ण असतात.

औषधांचे मी घरातून पाहते. माझ्या बहिणीच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्या विदर्भात हा आजार किती पसरलेला आहे ते वाचकांना सांगायला नको. त्याला रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि फोलिक अॅसिड लागते. गोळी नियमित असली तर तो शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. खंड पडला की सांधे धरतात आणि मग भरती करावे लागते. तालुक्याहून नागपूरला यायचे, बहिणीची एक मजुरी बुडते, एसटीचे भाडे, आणि खिडकीवर कळते की साठा नाही, बाहेरून घ्या. चिठ्ठी हातात मिळते. गोळी काही फार महाग नाही. पण ज्या आठवड्यात मजुरी बुडाली त्याच आठवड्यात ती घ्यायची असते. मग बहीण एक दिवसाआड देते, पुरवून पुरवून. डॉक्टरांना हे ती सांगत नाही. हे ज्या रुग्णालयात घडते त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चिठ्ठी लिहिणाऱ्या तिथल्या तरुण डॉक्टरचाही यात दोष नाही. मेडिकल, मेयो, डागा या नागपुरातल्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत आपल्या जिल्ह्यांसोबत बालाघाट, छिंदवाडा, सिवनीकडचे रुग्ण येतात. मागणी केवढी आहे हे सर्वांना दिसते, आणि ते डॉक्टर ती मानाने पेलतात.

औषध साठ्याचा प्रश्न फक्त पैशाचा नाही, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २०१७ पासून राज्याची औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली गेली. पैसे वर्ग होत, मागणीपत्रे जात, आणि पुरवठा कधी येईल हे संस्थेला कळत नसे. २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयातले मृत्यू साऱ्या राज्याने पाहिले आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दुसरीकडे तामिळनाडूने १९९४ मध्येच वेगळे वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. तिथे प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक असते. वर्षाला किती रुपयांची औषधे उचलता येतील ते त्यात लिहिलेले. रुग्णालय जिल्ह्याच्या गोदामातून हवे ते औषध उचलते आणि पासबुकात तेवढी रक्कम कमी होते. आपल्या किती रकमेची औषधे शिल्लक आहेत ते तिथल्या लहान दवाखान्यालाही ठाऊक असते. मला त्यातली पासबुकाची गोष्ट फार आवडते. आपल्याकडे रुग्णालयाच्या औषध भांडारातल्या माणसाला आपल्या नावावर किती शिल्लक आहे हे विचारले तर तो मागणीपत्राची झेरॉक्स दाखवतो. त्याला शिल्लक माहीत नसते, त्याने फक्त मागितलेले असते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सारे निःशुल्क झाले. निर्णय गरिबांच्या हिताचा आहे, मी त्याचे स्वागतच करते. पण त्या शुल्कातून रुग्ण कल्याण समितीकडे थोडी का होईना, रोजची रोकड येत असे. बंद नळाला, फुटलेल्या काचेला ती लगेच उपयोगी पडे. ती थांबली, तेव्हा अबंधित निधी वेळेवर देण्याची सरकारची जबाबदारी दुप्पट झाली.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काही म्हणतील, गावपातळीवर वेळेत पैसा दिला की तिथे खातात. खातात, हे मी नाकारत नाही. एकाच हस्ताक्षरातल्या पाच दुकानांच्या पावत्या मी परत पाठवल्या आहेत. पण वरच्या हातात ठेवला की पैसा सुरक्षित राहतो, हे कुणी मला सांगू नये. २०२५ मध्ये आपल्याच नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण निघाले. शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची संगणक प्रणाली. तिथे संगणक प्रणाली होती, पासवर्ड होते, मोठे अधिकारी होते, आणि तरी बोगस शिक्षकांच्या नावे पगार निघत राहिले. अधिकाऱ्यांना अटक झाली. गणवेशाचेही तेच. एका मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीला मिळत आणि समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याकडून शिवून घेई. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकत्र खरेदी करून शिलाई बचत गटांकडे दिली. कित्येक शाळांतली मुले १५ ऑगस्टला जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी राहिली. आले त्यातले कित्येक मापात बसले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो अधिकार पुन्हा समित्यांना दिला. सरकारने निर्णय बदलला हे चांगले केले. पण त्या वर्षी पहिलीत असलेल्या मुलाचे ते वर्ष परत आले नाही.

गावाला हिशेब कळत नाही, हेही मी ऐकत आले. कुही तालुक्याच्या बाजूला निवृत्तीनंतर मी एका शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला बसले होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीनचतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. नेहमी सभा म्हणजे ठराव वहीवर सह्या आणि चहा. त्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विनंती केली की कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मोठ्याने वाचू या. त्यांनी वाचायला घेतली. तारीख, कशाचे, किती. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणारी एक आई मागे बसली होती, बोटांची आग होत असल्याने ती पदराने हात झाकून होती. ट्यूबलाईटची रक्कम वाचली तशी ती म्हणाली, "गुरुजी, एवढी महाग? माह्या घरी मागच्या महिन्यात लावली, निम्म्यातच भेटली." मुख्याध्यापक प्रामाणिक माणूस होता. त्याने पावती काढून दाखवली, दुकानदाराने फिटिंग आणि वायर धरून लावले होते. तिने पावती हातात घेतली, दुसऱ्या बाईकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "मंग तसं लिहा न तिथं." पुढच्या नोंदीपासून तपशील लिहिला जाऊ लागला. मी इतकी वर्षे लेखापरीक्षण पाहिले, इतका नेमका आक्षेप क्वचित पाहिला. मग तिने आणखी एक विचारले, ज्याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. "हे पैसे फेब्रुवारीतच काहून येते? पोरं त जूनपासून येते."

हाच प्रश्न मी आपल्या वर्तमानपत्रातून वर पाठवते आहे.

शाळा विकास आराखडा समितीने करायचा आणि सरकारने अनुदान त्याच आधारावर द्यायचे, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे कायद्याने रस्ता खालून वर आहे. व्यवहारात आराखडा वर जातो, फाईलला लागतो आणि अनुदान पटसंख्येच्या तक्त्यावरून येते. तक्ता राहू द्या, पण तारीख तरी द्या. संयुक्त शाळा अनुदानाचा किमान अर्धा भाग एप्रिल महिन्यात आणि उरलेला दिवाळीच्या आधी शाळेच्या लिमिटला दिसला पाहिजे. केंद्र आणि राज्याच्या वाट्याचे जे काही गणित आहे ते मंत्रालयाने आपसात सोडवावे, त्यासाठी शाळेला थांबवू नये. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत मिळते. मग जानेवारीनंतर उतरलेल्या शाळेच्या आणि आरोग्य केंद्राच्या निधीला तीच सवलत का नसावी? ती दिली तर मार्चमधली कपाटे आपोआप कमी होतील. यंत्र खरेदीच्या प्रत्येक मंजुरीत पाच वर्षांचे रिएजंट आणि देखभाल करार एकत्रच मंजूर व्हावेत, नसतील तर मंजुरी देऊ नये. आणि गावातल्या लहान दुरुस्त्यांसाठी मुख्याध्यापकाला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला हजार-दोन हजारांची कायम आगाऊ रक्कम हाताशी असू द्यावी. खर्च दाखवला की ती पुन्हा भरायची. कोषागाराला ही पद्धत नवी नाही, कार्यालयांना ती आहेच.

आता फलकाबद्दल. शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर योजनांचे फलक आहेत, त्यावर मंत्र्यांचे फोटो आहेत. त्याच भिंतीवर तीन रकाने खडूने लिहिता येतील. किती मंजूर, कोणत्या तारखेला मिळाले, किती शिल्लक. औषधांसाठी तसाच एक फलक, रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस औषधांचा, आज आहे की नाही एवढेच. आपल्या शेजारच्या अमरावतीसह पाच जिल्ह्यांत २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले. गावकऱ्यांनी दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे गुण दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारले. तेव्हा साध्या माणसाला हे जमते हे सिद्ध झालेले आहे. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जिल्हा परिषदेची जानेवारी २०२५ मध्ये. प्रशासकांच्या काळात अंदाजपत्रक सभागृहात मोठ्याने वाचले गेले नाही, एखाद्या नगरसेवकाने उठून आपल्या प्रभागातल्या शाळेचे काय झाले असे विचारले नाही. प्रशासक कितीही चांगला असो, त्याला विचारणारा समोर कुणी नसतो. अशा काळात भिंतीवरचा फलक अधिकच लागतो.

संपादक महोदय, उन्हाळ्यात आपण तोतलाडोहचा आणि कामठी खैरीचा पाणीसाठा छापता. लोक तो पाहतात आणि पाणी जपतात. माझी विनंती आहे की तशीच एक छोटी चौकट एप्रिलपासून सुरू करावी. तालुक्याचे नाव, संयुक्त शाळा अनुदान पोहोचले की नाही, आरोग्य केंद्राचा अबंधित निधी पोहोचला की नाही, आणि पोहोचला असेल तर तारीख. नागपूर जिल्ह्यात तेरा ग्रामीण तालुके आहेत, तेरा ओळींत मावेल. माहिती प्रत्येक गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते, मागितली की द्यावी लागते. ती मागण्याचे, जुळवण्याचे आणि चूक निघाली तर कागदावरून पडताळण्याचे काम मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त लेखा कर्मचारी विनामूल्य करायला तयार आहोत. आपल्या कार्यालयाने निरोप द्यावा, आम्ही येऊ.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, मानेवाडा रोड, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)